सव्वा इंच

वकिलांनी तारांचं चाक दोन्ही हातांनी उचललं आणि मास्तरांच्या मांडीवरून पलीकडे भाऊजींच्या हातात दिलं. मास्तर मध्येच खुर्चीत बसले होते. टायरची कड त्यांच्या गुडघ्यांवरच्या पांघरुणाला घासून गेली, तिथे काळा पट्टा उमटला, पण दोघांपैकी एकाच्याही तोंडून "जरा सांभाळ हं" एवढे शब्द निघाले नाहीत. मध्ये टेबल असतं, तर त्यावरचा कप कलंडेल म्हणून तरी त्यांनी हात वर धरले असते.

वहिनींनी हे दारातून पाहिलं. हातातला चहाचा ट्रे त्यांनी कामाच्या फळीवर असा ठेवला की चारही कप बशांत नाचले.

"बहात्तर तारा," वकील भाऊजींना सांगत होते. "मोजून घे हवं तर. मूळ गाडीला बहात्तरच होत्या. पुस्तकात फोटो आहे."

"असतील. रोज बहात्तर तारा पुसायला माणूस पण पुस्तकातूनच येणार का?" भाऊजींनी चाक खाली टेकवलं आणि पायानं दुसरं पुढे सरकवलं. हे चाक ओतीव होतं, रुंद, चकचकीत, पाच पाकळ्यांचं. त्यावरचा टायर इतका बुटका की रबराची कड जेमतेम दोन बोटं. "हे बघ. लोक थांबून बघतील."

"लोक थांबून हसतील. त्या काळच्या गाडीला हे? आजोबांना नातवाचे बूट घातल्यासारखं दिसेल."

भाऊजी म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, वहिनी मास्तरांची बायको. वकील मास्तरांचे शाळेपासूनचे मित्र आणि जुन्या गाड्यांच्या क्लबाचे अध्यक्ष. दोघांचं भांडण चाललं होतं ते शेडच्या मधोमध चार लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेल्या गाडीवरून. ती गाडी मात्र दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

ती मास्तरांची होती. लांब नाकाची, उघडी, दोनच माणसं बसतील अशी. मूळ गाडी साठ वर्षांपूर्वीची. ऐन विशीत असताना मास्तरांनी तशी एक रस्त्यात बंद पडलेली पाहिली होती. त्यांनी ती ढकलली आणि मालकानं खूश होऊन त्यांना पुढच्या वळणापर्यंत शेजारी बसवून नेलं. तेवढाच त्यांचा त्या गाडीतला प्रवास, पण तो त्यांनी जन्मभर जपला. तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवता शिकवता बारा वर्षं ते या शेडमध्ये तिची हुबेहूब नक्कल बांधत होते. सांगाडा, आस आणि इंजिन एका साध्या घरगुती गाडीचं, वरचं अंग फायबरचं, आणि त्या अंगाला आकार देणाऱ्या आतल्या प्लायवूडच्या फासळ्या वहिनींच्या कागदी बेतावरून कापलेल्या. तळहाताएवढं चित्र खाकी कागदावर खऱ्या मापात उतरवून काढणारं घरात दुसरं होतं कोण? वहिनींनी चौतीस वर्षं टेलरिंग केलं होतं. दोन खोल्यांपलीकडे त्यांचं मशीन अजून चालू होतं.

मागच्या वर्षी मास्तरांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. देवानं एक शब्द तेवढा ठेवला होता, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं. वहिनींना त्या एका शब्दाचे बारा सूर कळत. बाकीच्यांनी त्याचा एकच अर्थ लावला होता, आपल्या सोयीचा.

"अरे, याला विचारलंय मी," वकील म्हणाले. "काय रे मास्तर, तारांचीच ना? मूळ होती तशीच?"

"बरं," मास्तर म्हणाले.

"ऐकलंस?"

"मलाही सकाळी बरं म्हणालाय. दादा, ही पाकळ्यांची छान आहेत की नाही?"

"बरं."

"झालं! आता कुठे अपील करता, वकीलसाहेब?"

आणि दोघं हसले. मास्तरांनी डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि अंगठा नि पहिलं बोट ताणून हवेत धरलं, चिमूट उघडावी तसं.

"पाणी हवंय का याला?" भाऊजींनी विचारलं.

"दमलाय तो. वहिनी, याला आत नेऊन निजवा बरं. आम्ही बघतो इथलं."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या निजवायला गेल्या नाहीत. चहाचा कप उचलून त्यांनी मास्तरांच्या डाव्या हातात दिला, आणि वकिलांच्या चहावर बशी झाकून ठेवली. थंड होऊ नये म्हणून नव्हे. आत्ता त्यांना त्या माणसाला हातानं काही द्यायचं नव्हतं.

पाच वाजता चाकवाल्याचा टेम्पो येणार होता. त्यानं नमुन्याची दोन चाकं टायर चढवून पाठवली होती. शिवाय एक सुटा टायर, तारांच्या चाकाच्याच मापाचा, पण नव्या बांधणीचा. तारांच्या चाकावर चढवलेला टायर होता जुन्या पद्धतीचा, अरुंद, उंच, नक्षीदार. यातलं जे ठरेल ते चार-चार मागवायचं आणि बाकीचं परत. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"टायर तरी नव्या बांधणीचे घ्या," वहिनी शेवटी म्हणाल्या. "चाकवाला सांगत होता, ते जुन्या तऱ्हेचे ओल्या रस्त्यावर घसरतात. यांना बसवून न्यायचं आहे."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बसवून? वहिनी, गाडी चालवणार कोण आहे आता? ती मेळाव्यात उभी करायची. हुबेहूब नकलांच्या यादीत नाव लागलं की याचं सोनं झालं. उभ्या गाडीचा टायर कशाला घसरतोय?"

हे बोलणं मास्तरांच्या समोर, दोन हातांवर. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. ते गाडीकडे पाहत होते. चहाचा कप हातात तिरपा झाला होता, तो वहिनींनी सरळ केला.

भाऊजींनी आधी आपलं ओतीव चाक चढवून पाहिलं. ते मडगार्डच्या बाहेर बोटभर आलं, आणि स्टिअरिंग फिरवल्याबरोबर टायर आतल्या कडेला घासून कर्र वाजला. मास्तरांनी डोळे मिटले.

"थोडं कापलं की बसेल," भाऊजी म्हणाले.

"काय कापाल?" वहिनींनी विचारलं.

"मडगार्ड. आतून. दिसणार नाही."

"तुमच्या अंगावर शर्ट येईना, तर तुमची बरगडी कापू का मी, भाऊजी? आतून? दिसणार नाही."

भाऊजींनी ओतीव चाक उतरवलं. वकिलांना आनंद झाला. त्यांनी खोक्यातून चाक ज्यावर बसतं तो हब काढला. पुस्तकातल्या मापाचा, त्यांनी स्वतः मागवलेला. तो जागेवर आवळला, त्यावर तारांचं चाक सरकवलं आणि मधला दोन कानांचा नट तांब्याच्या हातोडीनं ठोकून बसवला. मग मागे सरून त्यांनी हात कमरेवर ठेवले.

चाक आत गेलं होतं. मडगार्डच्या सावलीत, खोल. म्हाताऱ्याचे डोळे खोबणीत जातात तसं.

"हे असं कसं?" वकिलांनी टेप काढली. गाडीच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, पुस्तक उघडलं, पुन्हा मोजलं. पलीकडे जाऊन दुसरी बाजू मोजली. मग त्यांनी टेप खटकन आत सोडली. "सव्वा इंच जास्त. दोन्हीकडे सव्वा सव्वा. अख्खी गाडी अडीच इंच रुंद झालीय!"

"दादाचं माप चुकलं?" भाऊजी म्हणाले.

"चुकलं म्हणजे काय, पार चुकलं. आणि हे बघ." वकिलांनी फळीखालून एक डबा पायानं ओढला. त्यात मास्तरांनी आपल्या लेथवर कातलेले चार हब तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेले होते. "मी मागेच बघितले होते. हेही लांब झालेत. म्हटलं बोलू नये. आजाराच्या आधीच याचा हात चुकायला लागला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. बिचारा. इतकी वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवलं, आणि..."

इथे वकिलांचा पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू व्हायचा होता, पण वहिनींनी तो होऊ दिला नाही.

"पुरे!"

शेडच्या पत्र्याला आवाज लागला. मास्तरांनीही मान वळवली.

"बिचारा कुणाला म्हणता? माणूस इथे बसलाय. कान शाबूत आहेत त्यांचे. मघापासून बघतेय. चाक यांच्या अंगावरून देताय, निकाल यांच्या डोक्यावरून देताय, आणि आता चूकही यांच्याच माथी? चाळीस वर्षांत या माणसाचं माप केसभर चुकलेलं नाही. घरातला पलंग यांनी मोजून आणलेला, भिंतीत नख जात नाही. यांना तारांचीच चाकं हवी आहेत, जुनी होती तशीच, हे मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि माप बरोबर आहे. थांबा, दाखवतेच!"

"वहिनी, टेप खोटं बोलत नाही."

"मग तुम्ही उलटी धरली असेल."

त्या तरातरा आत गेल्या. शिवणाच्या खोलीत कपाटावर बेतांची गुंडाळी होती. बारा वर्षांचे खाकी कागद, प्रत्येकाच्या टोकाला त्यांच्या हातचं निळ्या खडूनं लिहिलेलं: पुढची फासळी, दाराची, मागची. ब्लाउजचे, कोटांचे बेत त्यांनी कितीदा रद्दीत दिले, पण हे नाही. गुंडाळी काखेत मारून त्या परत आल्या, आणि पुढच्या फासळीचा कागद त्यांनी बॉनेटवर पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका टोकावर वकिलांचं पुस्तक ठेवलं.

"हा घ्या पुरावा. हे अर्धं अंग. मधून जोडायचं. मोजा. तुम्ही नको, मीच मोजते."

गळ्यातली कापडी टेप त्यांनी कडेवर लावली, आणि बोट जोडाच्या कडेशी येऊन थांबलं.

तिथे दोन रेघा होत्या. आतली तुटक. बाहेरची अखंड. मध्ये सव्वा इंच.

कुठल्याही कोटाच्या बेतात वहिनी हेच करत. जिथे दोन भाग जोडायचे तिथे शिवणीची तुटक रेघ, आणि तिच्या बाहेर सव्वा इंच माया सोडून कापायची रेघ. माणसाचं पोट सुटतंच, उद्या उसवून सैल करता आलं पाहिजे. चौतीस वर्षांत हाताला इतकं वळण पडलेलं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. कापड शिवलं की माया आत दुमडली जाते. प्लायवूड दुमडत नाही. मास्तरांनी करवत चालवली होती ती बाहेरच्या रेघेवरून. डावं अर्धं, उजवं अर्धं, फासळीमागून फासळी.

दोन रेघांच्या मधोमध मास्तरांच्या हातचा पेन्सिलीचा बाण होता, ड्रॉइंगच्या मास्तरानं काढावा तसा, दोन्ही टोकं रेघांना अचूक टेकलेला. त्यावर बारीक अक्षरात "सव्वा". खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख. बाकी काही नाही.

वहिनींना ती तारीख नाही आठवली, पण तो आठवडा आठवला. फासळ्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, आणि मास्तर दोन दिवस काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "गाडी अंगानं जरा भरलीय. पण शोभते हं." आणि मग आठवडाभर लेथवर जाऊन बसले होते.

"काय झालं, वहिनी?" भाऊजींनी विचारलं. "आलं का माप?"

वहिनी वळल्या. मास्तरांचा डावा हात पुन्हा वर झाला होता. अंगठा आणि बोट, मध्ये तेवढीच फट. दुपारपासून ते हेच करत होते, आणि दुपारपासून वहिनींनीही त्यांच्या हातात एकदा चहा दिला होता, एकदा रुमाल.

त्या खुर्चीसमोर खाली बसल्या आणि गळ्यातली टेप काढून त्या फटीला लावली.  मग वाचलं. सव्वा.

उठताना त्यांनी फळीचा आधार घेतला.

"वकीलसाहेब, टेप बरोबर आहे तुमची," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. बाहेरची रेघ मी मारली. यांनी माझ्यावर भरवसा ठेवून कापलं."

वकील काहीतरी बोलायला गेले. वहिनींनी हातानं थांबवलं.

"यांचे हब काढा डब्यातून."

"अहो, पण ते लांब..."

"सव्वा इंच लांब आहेत. मोजा हवं तर."

वकिलांनी नाही मोजले. भाऊजींनीच पुस्तकी हब उतरवला, तेलकट कागद सोडवला आणि दादाचा हब जागेवर आवळला. तारांचं चाक त्यावर सरकलं. दोन कानांचा नट फिरला, तांब्याची हातोडी तीनदा वाजली. चाक मडगार्डच्या कडेशी येऊन उभं राहिलं, दर्जेदार कोटाची बाही मनगटाशी थांबते तसं, ना पुढे ना मागे. भाऊजींनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठे काही घासलं नाही.

 मग वहिनींचा पारा पुन्हा चढला, पण या वेळी रोख वेगळा होता.

"आणि तुम्ही हो!" त्या खुर्चीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सहा वर्षं? सहा वर्षं तोंड शिवून बसलात? मी काय काचेची होते, फुटले असते? तेव्हा तर बोलता येत होतं की चांगलं! माझी चूक मला सांगायची नाही, आणि हे लोक इथे येऊन तुमचा हात चुकला म्हणतात, ते ऐकून घ्यायचं?"

मास्तरांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली.

"हसू नका."

"बरं," मास्तर म्हणाले.

हा वहिनींच्या बारा सुरांतला नव्हता.  पदरानं त्यांनी उगाचच चाकाची एक तार पुसली.

"वहिनी," वकील हळूच म्हणाले, "एक आहे. अडीच इंच जास्त, वर हे हब. हुबेहूबच्या यादीत नाही बसणार ही. मला नाव घालता येणार नाही."

"नका घालू."

"त्याची इच्छा होती..."

"ती त्यांना विचारू ना. मीही मघाशी विचारलं नाहीच. तारांचीच हवीत म्हणून ओरडत सुटले. निघाली तारांची, ते नशीब." त्यांनी सुटा टायर गडगडत आणून खुर्चीशी उभा केला. "भाऊजी, ते चाक उतरवा. आणा इकडे."

भाऊजींनी चाक उतरवलं. ते जड होतं. वकिलांनी दुसरी बाजू धरली. दोघं खुर्चीपाशी आले आणि थबकले, चाक कुठे ठेवावं ते न कळून.

"मांडीवर," वहिनी म्हणाल्या. "सावकाश. वजन धरून ठेवा."

दोघं वाकले. बहात्तर तारांचं चाक मास्तरांच्या गुडघ्यांवर, पांघरुणावरच्या त्या काळ्या पट्ट्यावरच टेकलं. मास्तरांनी डावा अंगठा जुन्या तऱ्हेच्या टायरवर रोवला, सोडला. मग हात खाली नेऊन शेजारच्या सुट्या टायरच्या कडेवर रोवला, आणि तो तिथेच ठेवला. रबर दबलं, परत वर आलं. दोनदा त्यांनी त्यावर थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारावी तशी.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पाचला अजून दहा मिनिटं होती.

"सांगू का त्याला?" भाऊजींनी विचारलं. ते वहिनींकडे बघत होते. मग चूक उमगल्यासारखी त्यांनी मान वळवली. "दादा, सांगू? तारांची चार, आणि टायर हे नव्या बांधणीचे?"

वकील चाकाचं वजन धरून वाकलेलेच होते. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता, आणि तो वर करायला हात मोकळा नव्हता.

मास्तरांनी घाई केली नाही. ते एकेका तारेवरून बोट फिरवत होते, आणि ओठ हलत होते. वहिनींनी कान दिला. शब्द नव्हता, नुसता श्वास, एका तारेला एक. ते मोजत होते.

हॉर्न पुन्हा वाजला.

"थांब म्हणावं त्याला," वहिनी म्हणाल्या.